बाजारात मिळणारी खुर्ची

‘बाजारात तयार मिळणारी वस्तू’ असं कुणी माझ्यासमोर म्हटलं की माझं डोकं फिरतं. बोलणाऱ्याचा काही दोष नसतो. तो बिचारा मिक्सरबद्दल नाहीतर चपलांबद्दल बोलत असतो. पण हेच शब्द मी लष्करासाठी खरेदी करणाऱ्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकले, आणि त्या शब्दांपायी माझ्या वडिलांचं असं काही झालं, की आता ते कानावर आले तरी जीव जळतो. गोष्ट गोड नाही, आधीच सांगून ठेवते.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. आमचं घराणं हैदराबादेत वकिली करणारं. आजोबा उर्दूत अर्ज लिहायचे, अण्णा इंग्रजीत भांडायचे, आणि मी कोर्टाची पायरीसुद्धा न चढता इलेक्ट्रॉनिक्स शिकले. “घराण्याची सनद बुडवलीस,” असं अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर म्हणायचे. रागाने नाही, कौतुकानेच. मी लग्न केलं नाही, आई लवकर गेली, त्यामुळे नारायणगुड्यातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात आम्ही दोघंच. दोघंही तोंडाने फटकळ. शेजारच्या तेलुगू मावशींना आधी वाटायचं, रोज भांडण होतं. मग त्यांना कळलं की आम्ही बोलतोच असे.

सत्तरी ओलांडल्यावर अण्णांच्या मणक्याचं दुखणं बळावलं. ऑपरेशन झालं आणि दोन्ही पाय लुळे पडले. डोकं शाबूत, आवाज शाबूत, पाय नाहीत. इमारत जुनी, लिफ्ट नाही, आणि बसवायला जागाही नाही. एकदा डॉक्टरकडे न्यायचं म्हणून वॉचमन, दोन शेजारी आणि दूधवाला अशा चौघांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली नेलं. जिन्याच्या वळणावर एकाचा हात सुटला. अण्णा पडले नाहीत, पण मागे कलंडले, धोतर सुटलं, आणि खालच्या मजल्यावरची सगळी माणसं दारात येऊन बघत राहिली. घरी आल्यावर म्हणाले, “आता मला चौघांनी उचलायचं ते एकदाच. त्याआधी मी कुणाच्या हातात जाणार नाही.” आणि म्हातारा शब्दाचा पक्का. त्यानंतर डॉक्टरच वर यायला लागला.

खाली न जाणं म्हणजे त्यांच्यासाठी काय होतं, ते बाहेरच्याला कळायचं नाही. वकिली सुटली तरी आमच्या इमारतीखाली, झेरॉक्सच्या दुकानाच्या ओट्यावर, रोज संध्याकाळी त्यांचं कोर्ट भरायचं. ऑटोवाले, भाडेकरू, घरमालकाने हाकललेली बाई, पेन्शन अडकलेला मास्तर. कुणी गौलीगुड्याहून चालत यायचा. “वकीलसाब, जरा ये नोटीस देखो ना,” म्हणत कागद पुढे करायचा. फी म्हणजे एक इराणी चहा. अण्णा मला म्हणायचे, “अगं, खाली गेलो की मी वकील असतो. वर असलो की पेशंट.” आता रोज वरच. खिडकीतून ओरडून सल्ला द्यायला बघायचे, पण खालून ट्रॅफिकचा आवाज. दोन-चार महिन्यांत ते ‘खिडकीशी ने’ म्हणायचे बंद झाले. मला ते बघवेना.

मी तेव्हा गावाबाहेरच्या एका छोट्या कंपनीत कामाला होते. विजेवर चालणाऱ्या चाकाच्या खुर्च्या बनवायची कंपनी. मालक माझ्याहून लहान, तेलुगू, गोड बोलणारा. त्याला म्हटलं, जिना चढणारी खुर्ची करू या. तो म्हणाला, “करो मॅडम, पण खर्चा नक्को.” मग काय! बाजारात जे मिळेल ते जमवलं. मोटर विजेच्या स्कूटरची. चाकांच्या जागी रबराचे दात असलेले पट्टे, शेतातल्या छोट्या यंत्राला असतात तसे. आणि तिरपेपणा ओळखणारी चिप तर आबिड्सच्या मोबाइल दुरुस्तीच्या गल्लीतून आणली. फोन आडवा केला की चित्र आडवं होतं ना, ते काम करणारी तीच. त्या खुर्चीत नवीन असं काहीच नव्हतं. नवीन होता तो फक्त अण्णांचा हट्ट.

हट्ट असा की बसायची जागा तिरकी होता कामा नये. एकदा मागे कलंडल्याची भीती त्यांच्या अंगात बसली होती. जिना कसाही असो, पट्टे कसेही वाकोत, बूड सपाट राहिलं पाहिजे. हे सांगायला सोपं. पायरीची कड आली की खुर्ची उचकी लागल्यासारखी दचकायची, आणि दचका बसायच्या आत आसनाखालच्या मोटरने उलट्या बाजूने सावरलं पाहिजे. उशीर झाला की माणूस हेलकावतो, घाई झाली की थरथरतो. किती सावरायचं, कधी सावरायचं, हे गणित मी अण्णांना बसवून, आमच्याच जिन्यावर, रोज कामावरून आल्यावर जुळवत बसले. परीक्षा त्यांनीच ठरवलेली. हातात बशीवर काठोकाठ भरलेला चहाचा कप. चहा बशीत सांडला की अण्णा जिन्यात गरजायचे, “ऑब्जेक्शन!” वर-खालच्या मजल्यांवरची पोरं हसून हसून लोळायची. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं, रागाने. एवढं जीव तोडून करतेय आणि हा माणूस चहा मोजतोय! पण त्या चहानेच ते गणित पक्कं झालं, हेही खरं.

ज्या संध्याकाळी ते वळणासकट दोन्ही मजले उतरले आणि चहा जसाच्या तसा राहिला, त्या संध्याकाळी झेरॉक्सवाल्याने ओट्यावरचं स्टूल बाजूला फेकल्यासारखं सारून जागा केली. “आओ वकीलसाब, आओ! कित्ते दिनां हो गए!” अण्णांनी तो चहा मला दिला आणि आलेल्या पहिल्या माणसाची नोटीस हातात घेतली. माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. मला इतका आनंद झाला होता की त्या न बघण्याचाही आनंद झाला.

खुर्ची विकली जायला लागली. लिफ्ट नसलेल्या इमारती काय कमी आहेत? म्हाताऱ्यांची घरं, दोन-तीन दवाखाने. मालक खूश. अशात एक दिवस त्याने मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावलं. लष्कराला जिना चढणारी छोटी गाडी हवी होती. इमारतीत दबा धरून बसलेल्यांवर जवानाने चाल करून जायच्या आधी गाडी जाईल, तिच्यावर बंदूक, आणि चालवणारा बाहेर सुरक्षित. नव्याने शोधून बनवायची म्हटलं तर वर्षानुवर्षं जातात. म्हणून आता फर्मान निघालं होतं की बाजारात तयार मिळणारी, लोक वापरत असलेली वस्तू बघा, थोडी बदला आणि घ्या. मालक हात चोळत म्हणाला, “मॅडम, हमारा तो बाजार में है ना!” त्यांची अट एकच होती. वस्तू खरोखर बाजारातली आहे आणि खरोखर रोजच्या वापरात आहे, हे बघायला त्यांची माणसं वापरणाऱ्याच्या घरी येणार.

वापरणारा म्हणजे कोण? अर्थातच अण्णा. सगळ्यात जुनी खुर्ची त्यांची, सगळ्यात अवघड जिना आमचा.

तीन साहेब आले. अण्णांनी त्या दिवशी काळा कोट घातला, कितीतरी वर्षांनी. मी म्हटलं, “अण्णा, उकाडा केवढा आहे.” म्हणाले, “सरकार दारात येतंय, बनियनवर बसू?” साहेबांनी त्यांना जिन्यावरून दोनदा खाली-वर करायला लावलं. मोठ्या साहेबांनी विचारलं, “अंकल, हिलता नहीं?” झालं! अण्णांना तेवढंच हवं होतं. वळणावर खुर्ची थांबवून त्यांनी साहेबांपुढे असा युक्तिवाद केला, असा केला, की मला वाटलं आता न्यायाधीश निकालच देतो. चहाची परीक्षा सांगितली, वर करून दाखवली. माझं नाव न घेता ‘मेरी बेटी’ असं दहादा म्हणाले. साहेब मान डोलवत होते.

मग ते म्हणाले, आता वजन बदलून बघायचंय. दोघांनी अण्णांना अलगद उचलून दिवाणावर ठेवलं. कुणाच्या हातात जाणार नाही म्हणणाऱ्या माणसाने देशासाठी म्हणून गप्प उचलू दिलं. त्यांच्या जागी आमच्याच घरातली तांदळाची पोती आली, आणि पोत्यांवर आडवा एक लोखंडी पाइप पट्ट्याने बांधला. अण्णांनी विचारलं, “पाइप काइकू?” धाकट्या साहेबाने सांगितलं की इथे बंदूक येईल. खुर्ची जिना चढली. पाइपचं टोक समोरच्या भिंतीवर एका जागी धरल्यासारखं स्थिर. साहेबांनी एकमेकांकडे बघितलं. माझा म्हातारा बाप कलंडू नये म्हणून मी जे केलं, ते नेम धरायला लागणार होतं. अण्णा म्हणाले, “चांगलं आहे की. कुणाच्या तरी पोराला आधी जिना चढावा लागणार नाही.” ते मलाही पटलं. आजही पटतं. माझं भांडण त्याच्याशी नाहीच.

कागदपत्रांत वापरणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र लागत होतं. मालकाने साधा मसुदा पाठवला होता, दोन ओळींचा. अण्णांनी तो वाचून नाक मुरडलं. “हे काय प्रतिज्ञापत्र आहे? किराणा मालाची चिठ्ठी आहे!” स्टँप पेपर मागवला, मला टाइप करायला बसवलं, आणि त्यांच्या त्या घरंदाज इंग्रजीत सांगायला लागले. ही खुर्ची खुल्या बाजारात कुणालाही मिळते, मी ती रोज वापरतो, तिचं आसन कोणत्याही पायरीवर ढळत नाही, आणि या गुणाची बरोबरी करणारं दुसरं काही माझ्या पाहण्यात नाही. शेवटचं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. पण खटला जिंकायचा म्हटल्यावर अण्णा हात राखून कधी लिहीत नसत. सही ठोकली आणि म्हणाले, “आता कोण नाही म्हणतो बघू.”

कुणी नाही म्हणालं नाही. कंपनीत पेढे वाटले. मालकाने अण्णांना फोन करून “अंकलगारू, सब आपका आशीर्वाद” असं चार वेळा म्हटलं. अण्णांनी झेरॉक्सच्या ओट्यावर सगळ्यांना चहा पाजला. कशासाठी ते सांगितलं नाही, गुपित ना ते. नुसते मिशीत हसत होते.

पेढ्यांचा डबा संपायच्या आत मालकाने पुन्हा केबिनमध्ये बोलावलं आणि पुन्हा दार लावलं. “मॅडम, वो सीट सीधा रखनेवाला सिस्टम अब बाहर नहीं बेच सकते.” मी म्हटलं, म्हणजे काय? तर करारात कलम होतं. निवडलेली सोय आता संरक्षण खात्याची. शत्रूच्या हाती पडू नये म्हणून बाजारात विकायची नाही, आणि जे नग बाहेर गेलेत ते परत घ्यायचे. मी म्हटलं, “थांबा. बाजारात आहे म्हणून त्यांनी घेतली. आणि त्यांनी घेतली म्हणून आता बाजारात नको?” तो म्हणाला, “हौ मॅडम.” “अहो, हे कुठलं लॉजिक?” तो नजर खाली करून म्हणाला, “लॉजिक नहीं मॅडम. कॉन्ट्रॅक्ट है.”

मी खूप बोलले. आवाज बाहेर हॉलपर्यंत गेला असणार, कारण बाहेर आले तेव्हा सगळे खाली माना घालून काम करत होते. ती चिप पोराटोरांच्या फोनमध्ये आहे, म्हटलं, तिचं कसलं गुपित? तो म्हणाला, चिपचं नाही, सावरण्याच्या गणिताचं. आणि ते गणित तर तुमच्या नावावरही नाही, कंपनीच्या आहे. तेही खरंच. पगार घेतला होता ना मी.

अण्णांची खुर्ची न्यायला कंपनीची गाडी आली. माझ्याच हाताखाली शिकलेली दोन माणसं. त्यांना माझ्याकडे बघवत नव्हतं. अण्णांनी आधी कलम वाचायला मागितलं. चष्मा लावून दोनदा वाचलं. मला वाटलं, आता हे फाडून खातील, नोटीस पाठवतील, कोर्टात खेचतील. तेवढ्यासाठी तर मी तो कागद घरी आणला होता. पण कागद घडी करून परत देत म्हणाले, “चोख लिहिलंय. मी त्यांचा वकील असतो तर असंच लिहिलं असतं.” मग हसले, कडवट. “आणि पुरावा कुणाचा? माझाच. बरोबरी करणारं दुसरं काही पाहण्यात नाही म्हणे! हात दाखवून अवलक्षण.” मी म्हटलं, “अण्णा, देऊ नका. दार लावून घेते मी.” तर माझ्यावरच ओरडले, “सही केलेल्या माणसाने दार लावायचं?” खुर्ची रिकामी, सपाट आसनाने, तोऱ्यात आमचा जिना उतरून गेली. तो पट्ट्यांचा आवाज खालपर्यंत ऐकू येत होता.

नोकरी सोडते म्हणून मी दोनदा उठले. दोन्ही वेळा अण्णांनीच बसवलं. “सोडलीस तर दुसरी खुर्ची कोण आणणार मला?” मालकाने तसा शब्द दिला होता. लोकांसाठी वेगळी खुर्ची काढू, मॅडम, फक्त ती सावरण्याची सोय सोडून. आणि ती सोय काढायची कुणी? ज्याने घातली त्याने. महिनाभर मी तेच केलं. एकेक जोड सोडवला, एकेक ओळ पुसली. जिथे आसन सावरायचं तिथे पक्के नट बसवले. सुरक्षेचे पट्टे रुंद केले, आडवा दांडा दिला, सगळ्या तपासण्या पास झाल्या. पडणार कुणी नव्हतं तिच्यातून, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. फक्त जिना तिरका असला की माणूसही तिरका होणार. जगभर अशाच असतात म्हणे. असतील. जगाने माझ्या अण्णांची खुर्ची बघितली नव्हती ना!

नवी खुर्ची आणली त्या संध्याकाळी अण्णांनी स्वच्छ धोतर नेसून घेतलं होतं. खाली ऑटोवाल्यांना निरोप गेला होता, झेरॉक्सवाल्याने ओटा झाडून ठेवला होता. मी त्यांना आधीच सांगितलं, “अण्णा, ही थोडी पुढे झुकते. पट्टा घट्ट आहे. घाबरायचं नाही.” “घाबरायला मी काय कुकुलं बाळ आहे?” म्हणाले आणि बसले.

पहिल्या पायरीच्या कडेवरून पट्टे खाली वळले आणि आसन पुढे झुकलं. अण्णा छातीवरच्या पट्ट्यावर लोंबकळल्यासारखे झाले. समोर भिंत नाही, माणूस नाही, नुसता खाली जाणारा जिना, आणि त्यावर तोंड करून टांगलेला माझा बाप. त्यांनी एका हाताने कठडा पकडला, दुसऱ्या हाताने माझं मनगट. नखं रुतली मला. मी म्हणत होते, “काही होत नाही अण्णा, मी आहे, काही होत नाही.” ते ओरडतील म्हणून मी वाट बघत होते. ओरडले असते तर फार बरं झालं असतं. खालून आवाज आला, “आ रहे क्या वकीलसाब?” अण्णांनी डोळे मिटले आणि अगदी हळू म्हणाले, “वर ने मला.”

वर आणलं. दिवाणावर निजवलं. धोतर ओलं झालं होतं. ते मी बदललं. खालच्या माणसांना मी सांगून आले की वकीलसाहेबांची तबियत ठीक नाही. त्यानंतर अण्णा कधी खाली उतरले नाहीत. ओट्यावर आता हेल्मेट विकणारा बसतो.

त्या रात्री बराच वेळ ते भिंतीकडे तोंड करून होते. मी दिवा घालवायला उठले तेव्हा म्हणाले, “काय गं, तिकडे ती बंदूक तरी सरळ बसते ना?”

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच विचारायचं होतं.

“बसते, अण्णा,” मी म्हटलं. “जरासुद्धा हलत नाही.”